मी काही केलं नाही!

यंत्र बिघडल्यावर माणसाच्या तोंडून जे पहिलं वाक्य बाहेर पडतं, ते जगाच्या पाठीवर सगळीकडे सारखंच असावं. "मी काही केलं नाही!" मिक्सरमधून धूर निघत असतो, त्याचं झाकण माळ्यावर जाऊन बसलेलं असतं, चटणी कॅलेंडरवरच्या गणपतीच्या सोंडेवरून ओघळत असते आणि मिक्सरपासून चार पावलं दूर सरकलेली व्यक्ती शपथेवर सांगत असते, "मी काही केलं नाही. आपोआप झालं." आमच्या घरी हे वाक्य सौभाग्यवतींच्या तोंडी असतं असा आपला समज झाला असेल, तर तो चुकीचा आहे. चटणी मी वाटत होतो.

या वाक्याशी माझा परिचय धंद्यापायी झाला. जालन्याच्या एका बियाणे कंपनीत मी बरीच वर्षं सर्व्हर आणि ईमेल सांभाळण्याचं काम केलं. आता हे काम म्हणजे नक्की काय, हे नातेवाइकांना समजावून सांगणं हे त्या कामापेक्षा अवघड. लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं, "जावईबापू करतात काय?" मी म्हणालो, "कंपनीची पत्रं कॉम्प्युटरवर येतात-जातात, ती नीट येताहेत-जाताहेत का ते बघतो." सासूबाई क्षणभर विचार करून मागे वळल्या आणि स्वयंपाकघरात बातमी दिली, "पोस्टात आहेत." मला तेव्हा फार वाईट वाटलं. पुढे अभ्यास वाढला तेव्हा कळलं, की ज्या ज्या ठिकाणी ईमेलचा सर्व्हर असेल तिथे तिथे 'पोस्टमास्टर' या नावाचा एक पत्ता असलाच पाहिजे, असा ईमेलच्या जागतिक नियमांतच दंडक आहे. आमच्या कंपनीत त्या पत्त्यावर येणारी पत्रं मीच वाचायचो. तेव्हा सासूबाईंचं काही चुकलं नव्हतं. त्यांचं कधीच चुकत नाही, हेही मला पुढेच कळलं.

'जालना सोन्याचा पालना' असं आमच्याकडे म्हणतात. सोनं माझ्या वाट्याला आलं नाही. लोखंड आणि बियाणं मात्र मुबलक पाहिलं. लोखंडाच्या सळ्या ओढणाऱ्या गिरण्या एका बाजूला, आणि १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको काढली तेव्हापासून गावाला जडलेलं बियाण्याचं वेड दुसऱ्या बाजूला. बारवाल्यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आमची कंपनी त्या मानानं अगदीच चिमुकली. तिला पुरस्कार वगैरे काही मिळाला नाही. मिळालाच असला, तर त्याचं पत्र माझ्या सर्व्हरवरून परत गेलं असण्याची शक्यता मी नाकारत नाही.

ईमेल पोचवण्याचे जे नियम आहेत ते जॉन पोस्टेल नावाच्या अमेरिकन गृहस्थानं ऑगस्ट १९८२ मध्ये लिहून काढले. जालना जिल्हा अस्तित्वात आला १ मे १९८१ ला. म्हणजे आमचा जिल्हा त्या नियमांपेक्षा वयानं वडील. पण ते नियम वाचताना मला राहून राहून वाटायचं, की हा पोस्टेल कधीतरी आपल्याकडच्या एखाद्या कचेरीत सातबारा काढायला येऊन गेला असावा. एक सर्व्हर दुसऱ्याच्या दाराशी पत्र घेऊन जातो तेव्हा दुसरा त्याला तीन आकडी उत्तर देतो. आकडा दोननं सुरू झाला, तर अर्थ : "झालं काम, या." तीननं सुरू झाला, तर : "हं, पुढे बोला." चारनं सुरू झाला, तर : "साहेब जागेवर नाहीत, नंतर या." आणि पाचनं सुरू झाला, तर : "इथं होणार नाही. पुन्हा येऊ नका." चारचं उत्तर मिळालं की पाठवणारा सर्व्हर निमूट परत जातो, अर्ध्या-पाऊण तासानं पुन्हा येतो, पुन्हा जातो, आणि असं चार-पाच दिवस चालतं. इतका चिवटपणा मी फक्त विम्याच्या एजंटात पाहिला आहे. पाचचं उत्तर मिळालं, की मात्र तो पत्र ज्याचं त्याला परत करतो आणि सोबत इंग्रजीत एक चिठ्ठी जोडतो. पत्र का परत आलं ते त्या चिठ्ठीत स्वच्छ लिहिलेलं असतं. म्हणूनच ती कोणी वाचत नाही.

या धंद्यात पडू इच्छिणाऱ्या तरुणांना मी अनुभवाचे दोन-चार बोल सांगतो. ईमेल बंद पडली की पहिल्यांदा डिस्कवर जागा शिल्लक आहे का ते पाहावं. आमच्याकडे एकदा भर हंगामात सगळी टपाल ठप्प झाली. सर्व्हर येणाऱ्या प्रत्येकाला ४५२ सांगत होता, म्हणजे "जागा नाही, नंतर या." शोध घेतल्यावर आढळलं, की अकाउंट्समधल्या एका उत्साही गृहस्थानं मेव्हण्याच्या लग्नाचे सगळे फोटो कंपनीतल्या सगळ्यांना पाठवले होते. प्रत्येकाच्या पेटीत त्या लग्नाची एकेक प्रत. विहीण रुसल्याचा एकच फोटो मला एकशे दहा ठिकाणी सापडला.

दुसरी गोष्ट, धूळ. आमच्या भागात उन्हाळ्यात लोखंडाची आणि मातीची मिळून अशी काही धूळ उडते, की सर्व्हरचा पंखा महिन्याभरात गोधडी पांघरून बसतो. तिसरी गोष्ट, जीवजंतू. अमेरिकेत हार्वर्डच्या मार्क टू या कॉम्प्युटरच्या रिलेमध्ये ९ सप्टेंबर १९४७ रोजी एक पतंग सापडला. तिथल्या लोकांनी तो चिकटपट्टीनं नोंदवहीत चिकटवून खाली तशी नोंद केली. आमच्या यूपीएसमध्ये पाल सापडली. आम्ही ती कुठंही चिकटवली नाही. पण अशा पुराव्यानिशी लिहिलेल्या नोंदीची किंमत मला तेव्हा कळली असती, तर पुढचं रामायण टळलं असतं. ते रामायण सांगण्यासाठीच हा सगळा प्रपंच.

साल २००८. जूनचा दुसरा आठवडा. मृग लागलेलं, आभाळ भरून येऊ लागलेलं. बियाण्याच्या धंद्यात या पंधरा दिवसांवर वर्ष उभं असतं. पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी शेतकरी दुकानात हजर. त्या दिवशी कापसाचं साडेचारशे ग्रॅमचं पाकीट फळीवर नसेल, तर तो शेजारच्या दुकानातून दुसरं घेतो, आणि शेजारच्यातही नसेल तर त्याची ओल जाते. अकोला, नागपूर, परभणी, नांदेड अशा डेपोंची मागणी ईमेलनं यायची आणि तिच्यावरून ट्रक भरले जायचे. मागणी लेखी हवी, हा मोठ्या साहेबांचा कडक नियम. कारण त्याच्या आदल्या वर्षी फोनवर 'एकोणसाठ'चं 'एकोणसत्तर' झालं होतं. इंग्रजीत असे घोटाळे कमी होत असावेत. आपल्या मराठीत एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत सगळी एकाच आईची लेकरं.

ऑफिसात या कथेला लागणारी माणसं दोन. एक अण्णा. आवक-जावक कारकून. कंपनी स्थापन झाली तेव्हापासून टेबलाला चिकटलेले. आलेल्या प्रत्येक कागदावर तारखेचा शिक्का मारून, नंबर टाकून, वहीत चढवल्याशिवाय तो पुढे जाऊ द्यायचा नाही, हे त्यांचं व्रत. ईमेल आल्यापासून त्यांचं काम निम्मं झालं होतं, आणि तो दोष ते माझा धरीत.

दुसरे मामा. शिपाई. भोकरदन तालुक्यातल्या एका खेड्यातून रोज एसटीनं येणारे. रोजंदारीवर. गावाकडे दोन एकर कोरडवाहू. सर्व्हरच्या खोलीत झाडू मारताना चप्पल बाहेर काढणारा तेवढा एकच माणूस आमच्या ऑफिसात होता.

त्या गुरुवारी सकाळी साडेनऊला मी ऑफिसात पोचलो, तर सर्व्हर बंद. यूपीएसचा प्लग भिंतीतून काढून ठेवलेला आणि त्याच्या जागी मोठ्या साहेबांच्या केबिनमधला कूलर लावलेला. कूलर सर्व्हरच्या तोंडावर भसाभस ओली हवा मारत होता. समोर मामा प्रसन्न मुद्रेनं उभे.

"काय हे मामा?"

"साहेब, एसी बंद पडला व्हता राती. मशीन लई तापू लागलं. म्हनून कूलर लावला. आता बगा, गार पडलंय."

गार पडलंच होतं. यूपीएसनं बॅटरी होती तोवर पीं पीं करून आकांत केला असणार. मामांना वाटलं, मशीन खूश झालं.

मी प्लग लावला, सर्व्हर चालू केला. पंधरा-वीस मिनिटं त्यानं आपली डिस्क चाचपून पाहिली आणि उठून बसला. मला हायसं वाटलं. पण साडेदहा झाले, अकरा झाले, तरी मागण्या येईनात. म्हणजे अजिबात येत नव्हत्या असंही नाही. नेहमी सकाळी पन्नास-साठ पत्रं यायची, तिथं पाच-सहा. इकडून बाहेर जाणारं टपाल सुरळीत. ऑफिसातल्या ऑफिसात सुरळीत. बाहेरून येणारंच तेवढं आटलेलं.

मी सर्व्हर पुन्हा चालू केला. ते आमच्या धंद्यातलं सत्यनारायण. काही झालं तरी आधी तेवढं करायचं. त्यानं पुष्कळदा गुण येतो, कारण डोक्यात साचलेला गुंता साफ होतो. पण गुण आला की रोग काय होता ते कधीच कळत नाही. या वेळी गुणही आला नाही. मी केबल बदलली. राऊटर बंद करून चालू केला. डिस्क पाहिली, निम्मी रिकामी. सर्व्हर आपल्या दाराशी आलेल्या-गेलेल्याची बारीक नोंद ठेवतो, ती पाहिली. तीत कुठंही भांडण नव्हतं, तक्रार नव्हती. मुळात दार वाजवायला फारसं कोणी आलंच नव्हतं. इथंच मला उमजायला हवं होतं. घरात भांडण नाही, दार उघडं आहे, आणि तरी पाहुणे येत नाहीत, याचा अर्थ घर बिघडलेलं नाही. पत्ता तरी चुकलाय नाहीतर रस्ता. पण मी घरातच झाडू मारत बसलो. कारण गुन्हेगार माझ्या दृष्टीनं सापडलेला होता.

साडेअकराला मोठ्या साहेबांनी बोलावलं. "ट्रक उभे आहेत. काय झालंय?"

"मामांनी यूपीएसचा प्लग काढला होता," मी म्हणालो. हे शंभर टक्के खरं होतं. आयुष्यातलं सर्वांत लबाड वाक्य मी बोललो, तेव्हा त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

साहेब कमी बोलत. ते एवढंच म्हणाले, "उद्यापासून त्यांना येऊ नका म्हणून सांगा."

हे सांगण्याचं काम कोणी अंगावर घेईना. पण असल्या बातम्यांना सर्व्हर लागत नाही. मी बाहेर आलो तेव्हा मामा स्टुलावर बसले होते आणि टोपी काढून हातात धरली होती. म्हणाले, "साहेब, म्या काही वाकडं नाही केलं. गार व्हावं म्हनून लावला."

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

बाराच्या सुमारास अण्णा आले. "परभणीचं टपाल येतंय. नांदेडचं येतंय. अकोला, नागपूरचं येत नाही."

"अण्णा," मी चिडून म्हणालो, "ईमेलला काय विदर्भ-मराठवाडा कळतो?"

इथं थोडं थांबून आणखी एक बोल सांगतो. कोणाची तक्रार कितीही वेडगळ वाटली, तरी हसू नये. नॉर्थ कॅरोलायनातल्या एका विद्यापीठात १९९० च्या दशकात ट्रे हॅरिस नावाचा माझ्यासारखाच एक पोस्टमास्टर होता. संख्याशास्त्राच्या विभागप्रमुखांनी त्याला फोन केला, की आमची ईमेल पाचशे मैलांच्या पलीकडे जात नाही. हॅरिसला हसू आलं. पण संख्याशास्त्रवालेच ते, त्यांनी नकाशाच काढून ठेवला होता. हॅरिसनं स्वतः पाहिलं, तर खरोखरच जवळच्या गावांना पत्र जात होतं आणि साडेपाचशे-सहाशे मैलांवरच्यांना जात नव्हतं. झालं होतं असं, की एका सल्लागारानं मशीनची दुरुस्ती करताना मेलचा प्रोग्रॅम जुना बसवला. त्याला नव्या प्रोग्रॅमच्या सूचना समजेनात, आणि 'समोरच्याच्या उत्तराची किती वाट पाहायची' या रकान्यात त्यानं शून्य धरलं. शून्य म्हणजे त्या मशीनवर साधारण तीन मिलिसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाश जाऊन जाऊन जातो साडेपाचशे मैल. त्यापुढच्या गावाचं 'हॅलो' येण्याआधीच हा फोन ठेवून मोकळा. हॅरिसनं ही हकीकत २००२ साली लिहिली. मी ती वाचली मात्र अण्णांवर चिडून झाल्यानंतर.

अण्णा चिडले नाहीत. शांतपणे जागेवर गेले आणि पावणेदोनला पुन्हा आले. हातात एक फॅक्स. आवक शिक्का मारलेला, नंबर टाकलेला. अकोल्याच्या डेपोवाल्याची मागणी ईमेलनं जाईना, आणि उलट एक इंग्रजी चिठ्ठी परत येत राहिली. त्यानं वैतागून ती चिठ्ठीच फॅक्स केली होती. अशा चिठ्ठ्या सकाळपासून सगळ्या डेपोंना आल्या होत्या आणि सगळ्यांनी न वाचता पुसून टाकल्या होत्या. पण अण्णांचं आयुष्य परत आलेल्या पाकिटांवरचे पोस्टमनचे शेरे वाचण्यात गेलेलं. 'पत्ता अपूर्ण', 'मालक गावी नाहीत', 'घेण्यास नकार'. परत आलेलं पत्र न वाचता फेकणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"पोस्टमनचा शेरा बघा," ते चष्मा वर सरकवत म्हणाले. "इंग्रजी मला सगळं समजत नाही, पण पत्त्यात आपल्या कंपनीचं नाव दोनदा आलंय. मेल डॉट अमुक डॉट कॉम डॉट अमुक डॉट कॉम. असा पत्ता घेऊन पोस्टमन फिरला, तर त्याला घर सापडायचं कसं?"

माझ्या पोटात गोळा आला.

तो गोळा समजण्यासाठी थोडी माहिती लागेल. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. तो श्रीराम भिकाजी वेलणकर या टपाल खात्यातल्या मराठी माणसाचा विचार. संस्कृतात कविता करणारा माणूस. इंटरनेटच्या पत्त्यांची व्यवस्था त्यानंतर अकरा वर्षांनी, १९८३ साली, पॉल मॉकापेट्रिस यानं बसवली. या व्यवस्थेत प्रत्येक कंपनीची एक पत्त्यांची फाइल असते. 'आमचं टपाल अमक्या मशीनकडे आणा' असं तीत लिहिलेलं असतं. त्या फाइलीत मशीनचं पूर्ण नाव लिहिलं, की शेवटी एक टिंब द्यावं लागतं. टिंब म्हणजे 'नाव संपलं.' टिंब दिलं नाही, तर सर्व्हरला वाटतं की लिहिणाऱ्यानं आळसानं अर्धंच नाव लिहिलंय, आणि तो सौजन्यानं पुढे कंपनीचं नाव आपल्या मनानं जोडून टाकतो.

१७७३ साली 'ध'चा 'मा' झाला आणि पेशवाई हादरली, असं आपण शाळेत ऐकलं. तिथं निदान एक अख्खं अक्षर खर्ची पडलं होतं. इथं एका टिंबात काम भागलं होतं.

"ही फाइल कोणी बदलली?" अण्णांनी विचारलं.

आणि मी, ज्यानं ते वाक्य हजार वेळा ऐकून हजार वेळा मनात हसून घेतलं होतं, तो मी तत्काळ म्हणालो, "मी काही केलं नाही!"

अण्णांनी आपली वही उघडली. आवक-जावकची नव्हे, चहाची. "काल बुधवार. संध्याकाळी सात. संगणक विभाग, चहा दोन. शिपाई थांबवला." वही मिटून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काही बोलले नाहीत.

बुधवारी संध्याकाळी काम संपल्यावर मला ती फाइल जरा नीटनेटकी करण्याची हुक्की आली होती. अर्धी नावं पूर्ण लिहून काढू, दिसायला बरं दिसेल. कोणी सांगितलं नव्हतं. काही बिघडलेलं नव्हतं. मामांनी चहा आणून दिला. रात्री घरून मी एक पत्र पाठवून पाहिलं, तर ते पोचलं. पोचणारच. कारण एकदा विचारलेला पत्ता जगभरचे सर्व्हर आपल्याकडे टिपून ठेवतात. आमच्या फाइलीत ती मुदत एक दिवसाची होती. ज्यांनी बुधवारी दुपारी पत्ता टिपला होता, त्या परभणी-नांदेडवाल्यांना गुरुवारी दुपारपर्यंत जुना, बरोबर पत्ता ठाऊक होता. अकोला-नागपूरवाल्यांची मुदत पहाटेच संपली होती. बुधवारचं पाप गुरुवारी हप्त्याहप्त्यानं उगवत होतं, आणि नेमकं त्याच सकाळी मामांनी प्लग काढला.

आणखी एक गोष्ट मला तेव्हाच सुचली. मी फाइल सजवत बसल्यामुळे मामांची भोकरदनची एसटी चुकली होती. ते ऑफिसातच झोपले. म्हणून तर रात्री एसी बंद पडलेला त्यांना कळला. म्हणजे प्लगच्या मागेही मीच होतो.

आधी टिंब दिलं. पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. ज्या सर्व्हरांनी सकाळी चुकीचा पत्ता टिपला होता, ते शुक्रवारपर्यंत तोच धरून बसणार. तेव्हा मी एक युक्ती केली. लग्नपत्रिकेत कार्यालयाचं नाव चुकीचं छापलं गेलं, तर शहाणा वधूपिता पत्रिका बदलत बसत नाही. चुकीच्या कार्यालयाच्या दारात माणूस उभा करतो आणि वऱ्हाड इकडे वळवून घेतो. तो दोनदा नाव आलेला पत्ता आमच्याच हद्दीतला होता. मी त्या नावाचीही नोंद फाइलीत केली आणि तिथं आपल्याच मशीनचा आकडा लिहिला. तासाभरात टपाल सुरू झालं. परत गेलेली पत्रं मात्र आपोआप येणार नव्हती. ती पाठवणाऱ्यांना पुन्हा पाठवायला सांगायला हवं होतं. अण्णा एका फोनवर बसले, मी दुसऱ्या.

या सगळ्यात एक क्षण असा होता, की ज्याबद्दल लिहावं की नाही याचा मी बराच विचार केला. टपाल सुरू झालं तेव्हा सगळ्यांना वाटलं, मामांनी केलेला बिघाड मी दुरुस्त केला. मोठ्या साहेबांनी लांबूनच मान डोलावली. अकाउंट्समधला तो लग्नाचे फोटोवाला म्हणाला, "मानलं बुवा तुम्हाला!" मी गप्प बसलो असतो, तर ते टिंब कोणाला दिसणार होतं? मी दोन मिनिटं, कदाचित पाचही असतील, खरोखर गप्प बसलो. मग खिडकीतून बाहेर पाहिलं. मामा त्यांच्या पिशवीत डबा आणि छत्री भरत होते. भरून झाल्यावर त्यांनी सर्व्हरच्या खोलीचं दार उघडलं, चप्पल काढली, आत जाऊन प्लग नीट बसलाय का ते बोट न लावता वाकून पाहिलं, आणि बाहेर आले.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि टिंबाची गोष्ट सांगितली. सगळी. चहासकट. एसटीसकट.

साहेब बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले. मग म्हणाले, "प्लगमुळे किती वेळ गेला?"

"पाऊण तास."

"आणि तुमच्या टिंबामुळे?"

"सकाळपासून."

"मग काढायचं कोणाला?"

याला उत्तर नव्हतं. साहेबच म्हणाले, "तुम्हाला काढलं, तर पुढचं टिंब शोधणार कोण? जा. त्यांना सांगा, उद्या या म्हणून." माझी नोकरी राहिली याचा मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, पण तो घशाखाली नीट उतरेना. ज्याची चूक समजायला दोन तास लागतात, त्याची नोकरी पक्की. ज्याची चूक भिंतीवर लोंबकळताना दिसते, त्यानं पिशवी भरायची. हा हिशेब कोणत्या वहीत लिहिला आहे, ते अण्णांनाही सांगता आलं नसतं.

मी मामांना सांगितलं. माफीही मागितली. ती मला नीट मागता आली नाही, सवय नव्हती. मामांनी सगळं ऐकलं आणि उलट माझीच समजूत घातली, "जाऊ द्या साहेब. तुमचं नुसतं टिंब राह्यलं. माझा तर आख्खा पलग निघाला व्हता."

त्या रात्री ट्रक भरून गेले. मामा माल चढवायला थांबले. एसटी पुन्हा चुकली. या वेळी मी त्यांना मोटारसायकलवर राजूरपर्यंत सोडलं, तिथून त्यांचा भाचा घेऊन गेला. येताना मी चिंब भिजलो. पाऊस आला होता.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी मला एक कोरी वही दिली. जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठीची. "यात लिहीत जा," म्हणाले. रकाने त्यांनीच आखले होते : तारीख, वेळ, काय बदललं, कोणी बदललं, का बदललं, आणि शेवटचा रकाना, 'पूर्ववत कसं करावं.' आमच्या धंद्यातल्या जाडजूड इंग्रजी पुस्तकांतून जे सांगतात, ते या सहा रकान्यांत आलं आहे असं माझं मत आहे. काहीही बिघडलं, की आधी 'काय बदललं?' हे विचारावं, आणि 'कोणी?' हे अशा आवाजात विचारावं, की समोरच्याला खरं सांगावंसं वाटेल. नाहीतर तो म्हणतो, 'मी काही केलं नाही', आणि मग तुम्ही दिवसभर केबल बदलत बसता.

वहीतली पहिली नोंद माझी. 'टिंब विसरलो.' दुसरी मामांची. त्यांनी सांगितली, मी लिहिली, खाली त्यांनी सही केली. 'कूलर लावण्यासाठी प्लग काढला. कारण : मशीनला गरम होत होतं.' 'पूर्ववत कसं करावं' या रकान्यात त्यांनी मला लिहायला लावलं : 'साहेबांना फोन करावा.' त्यानंतर त्यांनी मला खरोखर तीन वेळा रात्री फोन केला, आणि तिन्ही वेळा सर्व्हर वाचला.

आता मी निवृत्त आहे. कंपनीचं टपाल आता बाहेरच्या मोठ्या कंपनीचे सर्व्हर सांभाळतात. पण पत्त्यांची फाइल अजून लिहावीच लागते, आणि ती माणसंच लिहितात. घरी आल्यापासून मी एक वही स्वयंपाकघरातही ठेवली आहे. मिक्सरची नोंद तीत आहे. 'झाकण दाबून न धरता बटण दाबलं.' कोणी, या रकान्यात माझं नाव मी स्वतःच्या हातानं लिहिलं. सौभाग्यवतींनी ती नोंद वाचली आणि खाली तारखेचा शिक्का मारावा तशी सही केली.

हा लेख लिहून झाल्यावर पोस्टात टाकायच्या आधी मी तो अण्णांच्या पद्धतीनं दोनदा वाचला. शेवटी टिंब आहे.